टॉर्चची फिरती कडी

उजेड कमी-जास्त करायच्या कडीत छोटं चुंबक, आत त्याचं क्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर, मधे ॲल्युमिनियमची अखंड भिंत. चुंबकीय क्षेत्र तिच्यातून आरपार जातं, म्हणून भोक पाडायला नको. पाणी शिरायला वाटच नाही. एडविन हॉलला १८७९ मध्ये सापडलेला परिणाम स्वस्त टॉर्चमध्ये बसवायचा, या विचारानेच आज सुखावलो.

जीव अडकलाय तो उजेडाच्या चढणीत. दुप्पट प्रकाश डोळ्यांना दुप्पट वाटत नाही. म्हणून कडी सारखीच फिरली तरी प्रकाश पटीने वाढायला हवा: १, २, ४, ८. मंद टोकाला भरपूर जागा ठेवणार, झोपलेल्या बाळाकडे बघताना तोच उजेड लागतो. बाकीची चमकधमक जाऊ दे, पण कडी मऊच फिरली पाहिजे. टॉर्च बंद असतानाही सेन्सर वीज खातो, ते उद्या सोडवायचंय.