मुळाला हात न लावता

केस मुळासकट निघाला तरच हात साफ, हा पार्लरचा जुना दंडक. तरुण कातडीला तो चालतो. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हनुवटीवर मात्र हा हट्ट सोडावा, असं माझं मत आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, अँड्रोजेनचा जोर तुलनेने वाढतो आणि ओठावर, हनुवटीवर राठ केस येतात. वयाबरोबर कातडीही पातळ होते, तिच्या वरच्या-खालच्या थरांची पकड सैल पडते. अशा वेळी वॅक्सची पट्टी ओढली की केसाबरोबर सालटंही निघू शकतं. थ्रेडिंगमध्ये कातडी ताणून धरायचं काम गिऱ्हाइकाचं असतं. हात थरथरत असेल तर ती सैल राहते आणि दोऱ्यात चिमटते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेवढ्यानेही काळंनिळं पडतं. मधुमेह असेल, स्टेरॉइड चालू असेल, तर जखम भरायला वेळ लागतो. म्हणून दोरा हातात घेण्याआधी औषधांची चिठ्ठी बघावी. केस काढायच्या क्रीमचाही मोह नको: केसातलं केराटिन विरघळवणारं रसायन कातडीतल्या केराटिनलाही सोडत नाही. लेझर केसातला रंग शोधतं, पांढऱ्या केसात त्याला काही सापडत नाही.

उरतो चेहऱ्याचा छोटा ट्रिमर. बाईला खिडकीशी, बाजूने उजेड येईल असं बसवावं. समोरच्या दिव्यात पांढरा केस दिसतच नाही. कवळी काढू देऊ नये, नाहीतर ओठ आत जातो आणि सुरकुत्या दुप्पट होतात. चेहरा कोरडा असावा. एका बोटाने कातडी हलकेच ताणायची, पातं टेकवायचं, दाबायचं नाही. तीळ किंवा चामखीळ असेल तिथे यंत्र नकोच. बोथट टोकाच्या कात्रीने केस वरच्यावर कापावा.

यावर ठरलेला आक्षेप येतो: कापल्याने केस दाट होतात. शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 सालीच मोजमाप करून हे खोडून काढलं होतं. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून बोटाला राठ लागतं, एवढंच. वरचेवर करावं लागतं, ही तक्रार मात्र खरी आहे. पण दर आठवड्याची पाच मिनिटं मला सोललेल्या हनुवटीपेक्षा स्वस्त वाटतात. ‘आता या वयात कोण बघतंय?’ हा प्रश्न बहुधा घरातले विचारतात, आजी नव्हे. तो तिलाच विचारावा. तिला नको असेल तर विषय संपला. स्मृतिभ्रंश झालेल्या बाईने हात झटकला, तर तेही उत्तरच समजावं. एका बाबतीत मात्र ट्रिमर बाजूला ठेवून डॉक्टरांकडे पाठवावं: केस अचानक, झपाट्याने वाढले, सोबत आवाज जाड झाला किंवा टाळूवरचे केस विरळ होऊ लागले, तर हार्मोनची तपासणी आधी.