वरचा दात आणि डोळा

आमचे घरी दाताच्या दुखण्यास दुखणे असा मान फारसा कधी मिळाला नाही. ताप आला तर अंथरूण धरावे, पोट बिघडले तर लंघन करावे. परंतु दात ठणकू लागला तर लवंग दाबून धरावी व आपापल्या कामास लागावे, ही वडिलांपासून चालत आलेली रीत. माझ्या लहानपणी उदगीरच्या आठवडी बाजारात चादर अंथरून चिमटे मांडून बसणारा एक दात काढणारा येत असे. त्याने काढलेल्या दातांची माळ पुढे ठेवलेली असे व ती पाहूनच आम्हा मुलांचे दात दुखावयाचे थांबत! दंतवैद्यकास शिस्त लावणारा कायदा या देशात १९४८ सालीच झाला होता. पण कायदा होणे आणि वैद्य गावात येणे यांत पुष्कळ अंतर असते. मराठवाड्यात औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय दंतमहाविद्यालय निघाले ते १९८२ साली. आमचा लातूर जिल्हाही उस्मानाबादेतून वेगळा झाला तो त्याच वर्षी. आज उदगिरात दंतवैद्यांच्या पाट्या पुष्कळ आहेत. तरीही पुढील प्रकार आमचे घरी घडला, आणि त्यास कारण वैद्यांची उणीव नव्हे, तर मी.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु वडिलांनी अमरकोश पाठ करवून घेतला होता, आणि पुढे एका शास्त्रीबुवांपाशी काव्य व व्याकरण झाले. त्या शिदोरीवर मी पस्तीस वर्षे मुलांना संस्कृत शिकविले. घरात कोणतीही अडचण पडली की 'मास्तरांना विचारा, ग्रंथात काय आहे' असे म्हणण्याचा प्रघात पडला, आणि खरे सांगावयाचे तर तो मला आवडू लागला होता.

२०१८ सालच्या नवरात्रातील गोष्ट. आमच्या वहिनी, म्हणजे थोरल्या बंधूंच्या पत्नी, तेव्हा सत्तरीच्या घरात होत्या. आई गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो; पुढे त्या लग्न होऊन या घरात आल्या आणि माझे पुढचे सारे त्यांनीच केले. त्यांस मधुमेह आहे. घटस्थापनेपूर्वीच त्यांचा उजवीकडचा वरचा सुळा दुखत होता. गावातील दंतवैद्यांनी तपासून सांगितले की दात मुळापर्यंत किडला आहे, आत पू धरला आहे, तो काढावा लागेल, दोन दिवसांत या. वहिनी घरी आल्या व स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मला म्हणाल्या, "भाऊजी, माझी आई सांगायची, वरचा दात काढला की त्या बाजूचा डोळा जातो. तुम्ही ग्रंथ वाचलेत. खरं काय ते सांगा."

मी क्षणभरही न थांबता सांगितले की खरे आहे. सुश्रुताचार्यांनी तसे स्पष्ट लिहिले आहे. वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये. घट बसलेले, उपवास चाललेले, शास्त्राचाही आधार मिळालेला; दात दसऱ्यापर्यंत लांबणीवर पडला.

मग घरगुती उपचार सुरू झाले. लवंगेचे तेल झाले, हिंग झाला, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. लवंगेच्या तेलाने घटकाभर बधिरता येते व मिठाच्या पाण्याने तोंड स्वच्छ होते, हे दंतवैद्यही मान्य करतात. त्यात वावगे काही नाही. वावगे केले ते पुढे. तव्यावर कापड तापवून गालास शेक दिला, त्याने सूज वाढली. असल्या सुजेला बाहेरून थंड कापड लावावे, शेक देऊ नये, हे नंतर कळले. कपाटात मागच्या आजारातल्या जंतुनाशक गोळ्या उरल्या होत्या, त्या दोन दिवस दिल्या. गोळ्यांनी ठणका थोडा कमी झाला व आम्ही निश्चिंत झालो. वस्तुतः पू जेथल्या तेथेच होता, कारण त्यास बाहेर पडण्याची वाट नव्हती. (वेदनेची गोळी गिळण्याऐवजी हिरडीवर दाबून ठेवण्याचा प्रयोग मी तरुणपणी स्वतःवर केला होता. ॲस्पिरिनने हिरडी भाजून पांढरी पडली व आठ दिवस भातही झोंबला. निदान एवढे शहाणपण त्यातून आले होते, म्हणून ते वहिनींच्या वाट्यास आले नाही.)

सहाव्या माळेच्या रात्री वहिनींस थंडी वाजून ताप भरला. दिवा लावून पाहतो तो उजवा गाल नाकापासून वर सुजून डोळा पूर्ण मिटला होता. पापणी बोटांनीही उघडेना. त्या काही बोलल्या नाहीत. देवघरातल्या समईकडे डावा डोळा लावून बसून राहिल्या.

रात्री साडेबारा वाजता पुतण्याने गाडी काढली. उदगीर ते लातूर हे अंतर सुमारे पासष्ट किलोमीटर. नळेगाव मागे पडेपर्यंत कोणी एक शब्द बोलले नाही. वहिनींचे डोके माझ्या खांद्यावर होते व अंगाचा ताप सदऱ्यातून लागत होता. वाटेत एकदाच त्यांनी विचारले, "भाऊजी, दात काढला नाही, तरी डोळा का हो जातोय?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या कोणत्याही ग्रंथात नव्हते, असे मला तेव्हा वाटले.

रुग्णालयातील तरुण डॉक्टरीणबाईंनी प्रथम दाताकडे पाहिलेच नाही. त्यांनी पापणी हलकेच उघडून बुबुळ चारी दिशांस फिरविण्यास सांगितले. एकाचे दोन दिसतात काय, मान आखडते काय, डोके किती दुखते, हे विचारले. मग शिरेतून औषध सुरू केले, रक्तातील साखर पाहिली व पहाटेस हिरडीस छेद देऊन पू काढला. दुसरे दिवशी सायंकाळी पापणी किलकिली झाली. तिसरे दिवशी तो सुळा काढला. डोळा वाचला.

मी त्या बाईंस माझी शंका भीत भीत सांगितली. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्या म्हणाल्या, "काका, दात काढल्यानं डोळा जात नाही. दृष्टीची नस वेगळी, वरच्या दातांची वेगळी. पण वरच्या सुळ्याचं मूळ लांब असतं, डोळ्याच्या दिशेनं वर गेलेलं असतं. तिथला पू वर चढला तर डोळ्यामागं जातो, कधी मेंदूपर्यंतही जातो. त्यात मधुमेह. अजून एक दिवस थांबला असतात तर मी काही सांगू शकले नसते."

दसऱ्यानंतर वहिनी घरी आल्या तेव्हा मी वडिलांची निर्णयसागरची सुश्रुतसंहिता खाली काढली. चिकित्सास्थानाचा बाविसावा अध्याय मुखरोगांचा. जो अर्धा श्लोक मी आयुष्यभर सांगत आलो होतो तो तेथे होताच. परंतु त्याच्या आधीचे मी कधी नीट वाचले नव्हते, किंवा वाचून विसरलो होतो. वरचा घट्ट दात उपटला असता रक्त अति वाहते व त्यापायी नेत्रहानी, तोंड वाकडे होणे असे घोर विकार होतात, असे आचार्य म्हणतात. म्हणजे भय दाताचे नव्हे, न थांबणाऱ्या रक्ताचे. बधिर करण्याची सुई नाही, टाके घालून रक्त बांधण्याची आजची साधने नाहीत, अशा काळी शल्यकर्म करणाऱ्याने दिलेला तो इशारा. आणि त्याच ठिकाणी, चार ओळी वर, दातापाशी धरलेला पू उपेक्षिला तर तो हनुवटीचे हाड भेदून जातो, असेही स्पष्ट लिहिले आहे. मुखाचे पासष्ट रोग मोजून सांगणाऱ्या, दात काढण्याकरिता दंतशंकु नावाचे शस्त्र वर्णन करणाऱ्या आचार्यांच्या नावावर मी 'थांबा' असा निरोप दिला होता. परीक्षेत मुलांनी संदर्भ सोडून अर्थ लिहिला की मी शून्य देत असे.

वहिनींस मी हे सर्व वाचून दाखविले. त्यांनी ऐकून घेतले व म्हणाल्या, "बरं झालं कळलं. आता घरात सगळ्यांना सांगा." म्हणून रात्री जेवणे झाल्यावर मंडळींस बसवून डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले सांगितले. नुसता ठणका असेल तर वेदनेची गोळी घेऊन सकाळी दंतवैद्याकडे जाता येते. परंतु सुजेबरोबर ताप आला, डोळा मिटू लागला, तोंड दोन बोटेही उघडेना, घोट गिळवेना, जिभेखाली वा हनुवटीखाली टणक सूज येऊन आवाज बदलला, तर सकाळची वाट पाहू नये, दंतवैद्याच्या बंद दारापुढेही उभे राहू नये. सरळ मोठे रुग्णालय गाठावे. गाडी नसेल तर १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा. श्वास कोंडावयास अशा वेळी फार वेळ लागत नाही. दात काढल्यावर रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापसाची घडी अर्धा तास घट्ट चावून धरावी व दर दोन मिनिटांनी उघडून पाहू नये. त्या दिवशी चूळही भरू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते वैद्यास आधी सांगावे. शेवटची गोष्ट मुलांची. रुग्णालयात शेजारच्या खाटेवर पडून दात गमावलेला एक मुलगा होता, त्याच्यावरून ती बाईंनी वहिनींस समजावली होती. माझे तिकडे लक्ष नव्हते.

२०२२ च्या उन्हाळ्यात आमचा नऊ वर्षांचा नातू ओट्यावरून पडला. समोरचा वरचा पक्का दात मुळासकट निघून अंगणात जाऊन पडला. पोराचे तोंड रक्ताने भरले, सून रडू लागली. मी नळाखाली दात घासून धुवावा म्हणून हात पुढे केला. वहिनींनी माझा हात बाजूस सारला. मुळास बोट न लावता दात वरच्या टोकास धरून त्यांनी वाटीभर दुधात हलकेच विसळला. मुळावर जिवंत तंतू असतात, ते घासून निघाले अथवा वाळले तर दात पुन्हा धरत नाही. खरे तर तो तेथल्या तेथे खळग्यात बसविणे सर्वांत उत्तम. पण पोर तोंडास हात लावू देईना. म्हणून फुलपात्रात ताजे दूध घेऊन त्यात दात टाकला, पोराच्या तोंडात कापडाची घडी दिली आणि पदर खोचून त्या रिक्षात बसल्यासुद्धा. (दुधाचा दात असता तर तो परत बसवीत नाहीत, खाली पक्का दात येत असतो, त्यास इजा होते. हेही त्यांनीच मला वाटेत सांगितले.)

वीस मिनिटांत आम्ही दंतवैद्यांकडे होतो. त्यांनी दात खळग्यात बसवून शेजारच्या दातांस बारीक तारेने बांधला व दोन आठवडे मऊ भात खावयास सांगितला. मग हात पुसत विचारले, "दुधात घालायचं कुणाला सुचलं?"

वहिनी फुलपात्र पदराने पुशीत होत्या. "मला," त्या म्हणाल्या. "या खेपेस भाऊजींना विचारलं नाही."