जुन्या होडीची पारख

जुनी वस्तू विकत घेताना माणसाच्या चातुर्याची परीक्षा होते, असे म्हणतात. आमचा अनुभव असा की, खरी परीक्षा तीच वस्तू पुढे विकताना होते.

१९७१ सालच्या वैशाखात आम्ही धाकट्या भावासह वेंगुर्ल्याच्या बाजूस एक जुनी शिडाची होडी पाहावयास गेलो. तेरेखोल नदीच्या मुखाशी मासेमारी करणाऱ्या आमच्या कुटुंबास नवी होडी परवडणारी नव्हती. निघताना वडिलांनी एवढेच बजावले, "रंगास भुलू नका. मेस्तास बरोबर न्या."

होडी पुळणीवर ओढून ठेविली होती. मेस्ताने रंगाकडे पाहिलेच नाही. फळीफळीवर हातोडी ठोकीत तो कान देऊन ऐके. टणक लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले बद्द वाजते. शंका येई तेथे तो बारीक टोचा रुतवून पाही. तळाच्या फळ्यांत टाचणीच्या डोक्याएवढी भोके आहेत काय, हे त्याने बारकाईने तपासले. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणाऱ्या जीवास आपण किडा म्हणतो, पण तो शिंपल्याच्या कुळातला. पिल्लू असताना तो आत शिरतो आणि आतच वाढतो. बाहेर भोक तेवढेच राहते, आत मात्र बोटाएवढे बोगदे पडतात. खिळ्यांभोवतीचे तांबडे ओघळ, दोराचे पीळ उकलून आतले धागे, उन्हाकडे धरून शिडाच्या विरलेल्या जागा, सारे त्याने पाहिले. कोरड्यात फळ्या आक्रसून फटी पडतात व पाण्यात फुगून मिटतात. म्हणून होडी भरतीबरोबर पाण्यात लोटविली. पहिल्या दिवशी पाणी उपसावे लागले. दुसऱ्या सकाळी तळाशी ओंजळभरच होते. मेस्त म्हणाला, "घ्या."

आम्ही पैसे मोजू लागलो, तोच म्हातारा तांडेल म्हणाला, "थांबा, बाबांनो." त्याने भावाचा हात धरून डोलकाठीच्या बुडाशी नेला. "इथे बोट लावा. पावसाचे पाणी इथे साचते. खाऱ्या पाण्याने लाकूड टिकते, गोड्याने कुजते. मी तुकडा बसविला आहे, पण तो फार वर्षे टिकायचा नाही. पन्नास रुपये कमी द्या." मेस्ताच्या नजरेतून ती जागा सुटली होती.

त्या होडीने आम्हांस पंधरा वर्षे पोसले. १९८६ साली आम्ही ती विकावयास काढली. डोलकाठीच्या बुडाशी पुन्हा कूज लागली होती. आम्ही नवा तुकडा बसवून वरून रंग दिला होता. गिऱ्हाईक एक तरुण होता; बरोबर मेस्त नव्हता. मोल ठरले. त्या पैशांवर थोरल्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण अवलंबून होते. त्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. यात खोटे ते काय, अशी आम्ही मनाची समजूत घातली.

रात्री तेर्स म्हणताना मात्र मणी पुढे सरकेनात. डोळ्यांपुढे तांडेलाचे बोट उभे राहिले. सकाळी तरुण होडी न्यावयास आला, तेव्हा आम्ही त्याचा हात धरून त्याच जागी नेला. मोल तीनशे रुपयांनी उतरले. मुलीच्या फीसाठी उसने घ्यावे लागले आणि ते फेडता वर्ष गेले. हे आम्ही पुण्य म्हणून सांगत नाही. तांडेलाची लाज वाटली म्हणून बोललो, एवढेच.

त्याच वर्षाच्या आरंभी दुष्काळाने गालील समुद्राचे पाणी ओसरले आणि चिखलात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, २७ फूट लांबीची एक मासेमारीची होडी सापडली. हे आमच्या वाचनात पुढे आले. तिची वेळोवेळी डागडुजी झाली होती आणि तिच्यात दहाहून अधिक जातींची लाकडे आढळली. ज्या होड्यांत प्रभू येशू बसला, त्याही अशाच ठिगळांच्या असतील.

ठिगळ लागणे ही लाज नव्हे. त्यावर रंग फासणे ही लाज. आजही पापनिवेदनास गुडघे टेकले, की मन आधी रंगाविषयीच बोलू लागते. मग तांडेलाचे शब्द आठवतात, "इथे बोट लावा."