डोंगरचा सोनचाफा वसईच्या वाडीत

विरार स्टेशनातून बाहेर पडून आगाशी-अर्नाळ्याच्या रस्त्याला लागले, की हळूहळू इमारती मागे पडतात आणि वाड्या सुरू होतात. पानवेल आणि केळी ही या वाड्यांची जुनी पिके. आता त्यांच्या शेजारी जागोजागी सोनचाफा दिसतो.

हे झाड मूळचे समुद्रकाठचे नव्हे. जावा-सुमात्रा बेटांवरील डोंगरी जंगले, आसाम आणि आपला सह्याद्री ही त्याची मायभूमी. तेथे ते शंभर फुटांपर्यंत वाढते. वाडीत मात्र छाटणी करून ते हाताच्या उंचीचे ठेवतात, कारण फूल हातानेच खुडायचे असते. बियांपासून वाढवलेले झाड फुलायला सात-आठ वर्षे घेते. कलम दोन-तीन वर्षांत फुलते. कलमामुळेच हा डोंगरचा पाहुणा वाडीत रमला.

पहाटे घरची सगळी माणसे खुडणीला लागतात. पूर्ण उमललेल्या फुलाच्या पाकळ्या वाटेतच गळतात, म्हणून उमलू घातलेली कळीच घेतात. फुले मोजून पिशव्यांत भरली, की माल लोकलने दादरच्या फुलबाजारात जातो. श्रावणात आणि गणपतीत मागणी मोठी असते.

पण पाण्याच्या बाबतीत चाफा डोंगरची सवय सोडत नाही. मुळाशी ओल हवी, पण पाणी तुंबता कामा नये. तुंबले की मुळे कुजतात. मग सपाट वसईत तो टिकला कसा? उत्तर बावखलात आहे. जुन्या माणसांनी वाडीशेजारी ही तळी खोदली. निघालेल्या मातीने वाडी उंच झाली, पावसाचे पाणी तळ्यात उतरले आणि मुरून विहिरी गोड राहिल्या.

पुढे बांधकामासाठी अनेक बावखले बुजवली गेली. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारमध्ये कित्येक दिवस पाणी साचून राहिले. उन्हाळ्यात उलटा प्रकार होतो. गोड पाण्याचा उपसा वाढला आणि जमिनीत पाणी मुरले नाही, तर समुद्राचे खारे पाणी विहिरीत शिरते. चाफ्याला दोन्ही मारक.

आपल्या गावी सोनचाफा लावायचा असेल, तर कलम आणण्याआधी जागा पाहावी. दोन झाडांत दहा फूट अंतर ठेवावे, बुंध्याशी माती चढवावी, पावसाआधी चर उपसावेत. घरचे तळे असेल, तर उन्हाळ्यात त्यातला गाळ काढून वाडीलाच घालावा. पाणी कुठून आणायचे हे आपण नेहमी विचारतो. ते जाणार कुठे, हेही आधी विचारावे.