कोमट



बार्शीत भगवंताच्या देवळाजवळ आमचं घर. एकादशी पंढरीला आणि द्वादशी भगवंताच्या दारी, ही पुष्कळ वारकऱ्यांची रीत. त्यामुळे द्वादशीला आमच्या ओसरीवर दोन-चार टाळकरी पारण्याला असायचेच. त्यांची उठबस वडील करीत. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो.

आप्पांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा डॉक्टरांनी घरीच पोटाचं डायलिसिस करायला सांगितलं. पोटात बसवलेल्या नळीतून दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं, काही तास राहू द्यायचं. पोटातल्या पातळ पडद्यातून रक्तातली घाण आणि जादा पाणी त्यात उतरतं. मग ते काढून नवी पिशवी लावायची. दिवसातून चार वेळा. हात धुवायचे, मास्क लावायचा, दार बंद, पंखा बंद. हे सोवळं मला लवकर जमलं. जमेना ते पाणी कोमट करणं.

पाणी अंगाच्या उबेइतकं, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास लागतं. सिस्टरांनी बजावलं होतं, पिशवी गरम पाण्यात बुडवायची नाही. त्या ओलीतून जंतू नळीच्या तोंडाशी जातात आणि पोटात संसर्ग होतो. मायक्रोवेव्हमध्येही नाही, त्यात पाणी कुठं कढत होतं, कुठं गारच राहतं. वरचं वेष्टन न काढता हीटिंग पॅडवर कोरडी ऊब द्यायची. त्याला वेळ द्यावा लागतो.

पौषातली एकादशी होती. पहाटेच वीज गेलेली. मला देवळात भजनाला पोचायची घाई. पिशवी हाताला गार लागत होती, तरी म्हटलं, पाणीच तर आहे. लावली. थोड्याच वेळात आप्पांना हुडहुडी भरली, पोटात कळ आली. त्यांनी गोधडी ओढून घेतली आणि म्हणाले, "तू हो पुढं, भजन चुकंल."

आणि मी गेलो. वीणेकऱ्यामागं उभा राहून टाळ वाजवला, पण ठेका सारखा चुकत होता. परत आलो तरी आप्पा पाय पोटाशी घेऊन पडलेले.

उन्हाळ्यात उलटंच. वैशाखात पत्र्याच्या खोलीतला खोका उघडला तर पिशवी अंगापेक्षा गरम! फार गरम पाण्यानं आतला पडदा भाजू शकतो. त्याच दिवशी सगळे खोके माजघरात आणले. आता वीज कधी जाते ते बघून पिशवी आधीच पॅडवर ठेवतो.

आषाढीनंतर पंढरीत प्रक्षाळपूजा होते. यात्रेच्या दिवसांत देवाचा पलंग काढलेला असतो, देव रात्रंदिवस दर्शनाला उभा. तो शीण जावा म्हणून त्याला गरम पाण्यानं स्नान घालतात, रात्री काढा देतात. लहानपणी हे आप्पांनीच सांगितलं होतं. मी विचारलं होतं, "देवाला गार पाणी सोसत नाही का?"

ते हसले होते. "सोसतो रे. म्हणून आपण गार ओतायचं का?"

काल संध्याकाळी आप्पांनी स्वतःच पिशवीवर हात ठेवला. "अजून थोडी राहू दे," म्हणाले आणि हरिपाठ सुरू केला. मीही शेजारी बसलो. हरिपाठ संपल्यावर पिशवी लावली.