जुनं ते सोनं, पण घासायचं कुणी?

वाडा पाडून त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा दसरा वीस दिवसांवर आला होता. पुण्याच्या सदाशिव पेठेतलं हे कुटुंब अडीच वर्षं भाड्याच्या घरात काढून परतलं होतं. सासूबाई, मुलगा, सून आणि आठवीतली नात. घर छान होतं, हवेशीर होतं. पण भिंती इतक्या पांढऱ्याफटक, की बोललं तरी आवाज घुमायचा.

सुनेनं मनाशी आधीच ठरवून टाकलं होतं. दुकानातून सोफासेट आणायचा आणि त्याला शोभतील असे तयार पडदे लावायचे, असलं काही करायचं नाही. ती बँकेत नोकरी करते, हिशेबाला पक्की. घराच्या वाढीव जागेसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झालेले होतेच. ट्रंकेत सासूबाईंच्या जुन्या साड्या होत्या, नातेवाइकांच्या माळ्यावर ठेवलेलं वाड्यातलं सामान होतं. त्यातून काही शिवायचं, काही दुरुस्त करायचं, उरलंसुरलं जुन्या बाजारातून आणायचं, असा तिचा बेत. त्यामागे आणखीही एक कारण होतं. वाडा गेल्याचं सासूबाईंना दुःख झालं असणार, तेव्हा नव्या घरात त्यांना वाड्याची आठवण ठिकठिकाणी दिसावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

हेतू चांगलाच होता. फक्त एक गोष्ट राहून गेली होती. सासूबाईंना वाड्यातलं नेमकं काय आठवायला आवडेल, हे कुणी विचारलं नव्हतं.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. कुलपं, कंदील, बंद पडलेली घड्याळं, नाणी, पितळेची मुठी-कड्या, एकाच पायातला बूट, काय वाटेल ते जमिनीवर मांडलेलं असतं. रविवारी सकाळी सून नातीला घेऊन तिथे गेली. पर्समध्ये फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन! पितळ चुंबकाला चिकटत नाही. वरून पितळेचा मुलामा आणि आतून लोखंड असेल, तर लगेच चिकटतं. 'शंभर वर्षांपूर्वीचं, सरदारांच्या वाड्यातलं' असं सांगणाऱ्या विक्रेत्यांपुढे ही साधी परीक्षा फार उपयोगी पडते. दोन तास फिरून तिनं एक भलंमोठं पितळी घंगाळ पसंत केलं. दोन्ही बाजूंना कड्या, काठाला थोडा पोचा. घासाघीस करून रिक्षात घालून घरी आणलं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवून त्यात पाणी आणि शेवंतीची फुलं तरंगत ठेवायची, असं तिच्या डोळ्यांसमोर चित्रच उभं होतं.

सासूबाईंनी घंगाळाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, हे कशाला परत आणलंस? आपलं होतं ते मी हौसेनं मोडीत दिलं होतं!"

मग सगळी कहाणी बाहेर आली. लग्न होऊन त्या वाड्यात आल्या १९७१ साली. तेव्हा घरात माणसं नऊ आणि भांडी जवळपास सगळी तांब्यापितळेची. सणावाराच्या आधी दोन दिवस अंगणातल्या नळापाशी बसून चिंच, मीठ आणि राख लावून ती घासायची. हिवाळ्यात बोटांना भेगा पडायच्या, त्यात चिंच झोंबायची. स्वयंपाकाच्या भांड्यांची कल्हई उडाली, की आमटीसारखं आंबट त्यात शिजवायची सोय नाही. मग कल्हईवाल्याची वाट बघायची. तो यायचा, चौकात भाता लावायचा, भांडं तापवून नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं झरझर पुसून घ्यायचा. मुलं भोवती गोळा व्हायची. "पोरांना मजा," सासूबाई म्हणाल्या, "मला त्याच्या पैशांची काळजी." हातात थोडा पैसा खेळू लागला, तसं एकेक पितळेचं भांडं वजनावर देऊन त्यांनी स्टीलचे डबे घेतले. स्टीलचा पहिला डबा घरात आला त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते म्हणे!

जुन्या वस्तूंचं प्रेम बहुतेक वेळा ज्यांनी त्या घासल्या नाहीत त्यांनाच जास्त असतं. हे काही सुनेच्या एकटीचं नाही. चुलीवरच्या भाकरीचं कौतुक करणारेही आपल्याकडे गॅसवर चहा पिऊनच कौतुक करतात.

साड्यांच्या बाबतीत मात्र वेगळंच घडलं. सासूबाईंच्या साड्यांना कात्री लावायची म्हणजे त्यांच्या जिवावर येईल, म्हणून सून तो विषय टाळत होती. शेवटी चाचरतच तिनं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "खुशाल काप. बोहारणीला देऊन एक पातेलं आणण्यापेक्षा बरं. फक्त मला बघू दे कुठली कशाला ते."

आणि त्या ट्रंकेसमोर मांडी घालून बसल्या. कापडाच्या बाबतीत त्यांची नजर किती तयार आहे, हे सुनेला लग्नानंतर सोळा वर्षांनी पहिल्यांदा कळलं. सुती लुगडी त्यांनी एका बाजूला काढली. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर; सात फुटी दाराच्या पडद्याला वरखाली दुमड धरून अडीच मीटर लागतं, म्हणजे एका लुगड्यात तीन पडदे बसतात. काठ आपोआप दोन्ही कडांना येतात, बाजू दुमडायचीही गरज नाही. विरलेली पण मऊ पातळं गोधडीला. इरकलीचा अंगाचा भाग फाटला होता, पण काठ आणि पदर शाबूत होते. ते उशांच्या अभ्र्यांना. रेशमी साडी त्यांनी उजेडात धरली आणि घडीवर हलकेच अंगठा दाबला. कापड चर्रकन उसवलं. "वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली की रेशीम तिथेच मोडतं. वर्षातून एकदा घडी बदलायला हवी होती. माझीच चूक." तिचा जरीकाठ तेवढा सोडवून त्यांनी बाजूला ठेवला. पैठणी मात्र परत ट्रंकेत गेली. ती नातीची.

त्यांनी दिलेल्या बाकीच्या सूचनाही घरोघरी कामाला येण्यासारख्या आहेत. जुनं आणि नवं कापड एकत्र शिवायचं असेल, तर नवं आधी धुऊन, वाळवून घ्यावं. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि जुनं गोळा होतं. खळ असलेलं कापड गोधडीत घालू नये. थर चारी बाजूंनी ताणून आधी मोठे कच्चे टाके घालावेत, मग धावदोरा. आणि धावदोरा घालताना बोलत बसावं, मोजत बसू नये!

गोधडी काही एकट्या महाराष्ट्राची नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर घालून, त्यांच्याच काठांतून उसवलेल्या रंगीत दोऱ्यानं कांथा शिवायची पद्धत होती. बिहारमध्ये सुजनी, कच्छ-राजस्थानात रल्ली. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, ती कडेपासून सुरू करून आत आत मधोमध येत. आणि चारी कोपऱ्यांवर कापडाची 'फुला' लावल्याशिवाय ती पूर्ण झाली असं मानत नाहीत. आज हीच कामं प्रदर्शनात मोठ्या किमतीला विकली जातात. मुळात ती शिवली गेली ती थंडी होती आणि नवं पांघरूण घ्यायला पैसे नव्हते म्हणून.

पंधरा दिवसांत घराचा रंग बदलला. अभ्रे हातशिलाईनं झाले, गोधडीचे थर कच्च्या टाक्यांनी जोडून झाले. पडद्यांच्या लांब टिपा तेवढ्या राहिल्या. त्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे टाकायच्या, असं सुनेनं ठरवलं. आणि याच सुमारास तिनं सुताराला बोलावलं.

माळ्यावरच्या सामानात सासूबाईंचं पायमशीन होतं. काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी, खाली ओतीव लोखंडाचं नक्षीदार स्टँड. अशा स्टँडवर काच किंवा दगडी फरशी बसवून केलेली टेबलं आता हॉटेलांत आणि हौशी घरांत सर्रास दिसतात. दिसतातही सुरेख. सुनेनं विचारलं होतं, "आई, मशीन आता वापरात नाही ना?" सासूबाई म्हणाल्या, "नाही, गेली दहा वर्षं हात नाही लावला." खरंच होतं ते. प्रश्नही खरा, उत्तरही खरं.

सुतारानं मशीनचं डोकं उतरवून गोणपाटात गुंडाळलं आणि लाकडी फळीला चार कोपऱ्यांत चार भोकं पाडली. सासूबाई खोलीतून बाहेर आल्या, बघितलं आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. विचारलं तर "भूक नाही." दुसऱ्या दिवशीही तेच. सुनेला वाटलं, दुखणं वगैरे आहे की काय. रात्री तिनं नवऱ्याला विचारलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला आधी बोलायला हवं होतं."

तो पाचवीत होता तेव्हा वडील ज्या छापखान्यात काम करत, तो बंद पडला. पुढची तीन वर्षं त्यांना धड काम मिळालं नाही. ती तीन वर्षं घर त्या मशीनवर चाललं. पेठेतल्या बायकांचे परकर-पोलकी, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, जे मिळेल ते. रात्री शेजाऱ्यांची झोप मोडू नये, म्हणून मशीनच्या पायांखाली पोत्याच्या घड्या घातलेल्या असत. त्याची आणि बहिणीची फी त्या ओट्यावरून उचललेल्या पैशांतून गेली. "आम्ही त्या आवाजात झोपायचो," तो म्हणाला. "आवाज थांबला की जाग यायची."

आणि मशीन मुळात सासूबाईंच्या आईचं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा नारायण पेठेतल्या त्यांच्या माहेरच्या घरात पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर सगळं चिखलात. दहा वर्षांच्या त्या मुलीनं आईशेजारी बसून, काडीला चिंधी गुंडाळून, रॉकेलमध्ये बुडवून मशीनच्या खाचाखाचांतला गाळ काढला होता. लग्नात आईनं तेच मशीन लेकीला दिलं.

दुसऱ्या दिवशी सुनेनं बँकेत रजा टाकली. सकाळीच सासूबाईंसमोर जाऊन बसली. "आई, चुकलं माझं. पण तुम्ही एका शब्दानं बोलला असतात तर?"

"काय बोलायचं?" सासूबाई म्हणाल्या. "वापरत नाही हे खरंच आहे ना! टेबल होऊन उपयोगात येत होतं. मीच म्हणते नेहमी, अडगळ नको. मग स्वतःच्या वेळी कसं म्हणू, की ठेवा?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "ते घंगाळ तू इतक्या प्रेमानं आणलंस, त्याला मी नावं ठेवली. मग मशीनचं कुठल्या तोंडानं सांगणार?"

दोघी मिळून डोकं घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. अशी पायमशीनं दुरुस्त करणारे म्हातारे कारागीर पेठांत अजून सापडतात. त्यानं झाकण उघडलं, सगळे भाग रॉकेलनं धुतले, तेल दिलं, चाक हातानं फिरवून बघितलं. "काही बिघडलेलं नाही. नुसतं बसून होतं," म्हणाला. नवी सुई, नवा चामडी पट्टा आणि मजुरी, सगळं मिळून नातीच्या एका ड्रेसच्या किमतीत झालं. दरम्यान नातीनं मशीनवरचा कोरलेला क्रमांक मोबाइलवर शोधून काढला. सिंगर कंपनीच्या मशीनवर असा क्रमांक असतो, त्यावरून कारखाना कळतो. हे मशीन निघालं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचं! तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मशीन खिडकीपाशी उभं राहिलं. सासूबाईंनी सुईत दोरा ओवून घेतला नातीकडून, पण पाय स्वतः ठेवला. पहिल्या दोन टिपा वाकड्या गेल्या. तिसऱ्या पडद्याला हात बसला. मग नातीची पाळी. तिचा पाय उलटा पडायचा, चाक मागे फिरायचं आणि दोरा तटकन तुटायचा. "पायानं सुरू नाही करायचं, आधी हातानं चाक आपल्याकडे ओढ, मग पाय," आजी सांगत होती. "आजी, तू गप्प बस ना जरा!" असंही एकदा ऐकू आलं. रात्री अकरापर्यंत खडखडाट चालू होता. खालच्या मजल्यावरच्यांनी दार वाजवलं, तेव्हा मशीनच्या पायांखाली पोत्याऐवजी जुन्या टॉवेलाच्या घड्या गेल्या.

फळीवरची चार भोकं तशीच आहेत. सुतार लांबी भरून देतो म्हणाला होता, सासूबाईंनी नको म्हटलं. एका भोकात त्या मोजपट्टी अडकवतात.

जेवणाचं टेबल शेवटी दुकानातूनच आणलं. साधं, सनमायकाचं, ओल्या फडक्यानं पुसलं की स्वच्छ होणारं. पसंती सासूबाईंची. घंगाळही दिवाणखान्यात राहिलं आहे, फुलांसकट. फक्त त्याला एक अट आहे. दर रविवारी सकाळी ते बाहेर निघतं, चिंच-मीठ लावून घासलं जातं. घासतो मुलगा. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि कडीच्या खाली अजून काळं राहिलंय, ते दाखवतात.