दोनदाच चालणारा पास

युरोपात रेल्वेने फिरायचा पास काढताना वेबसाइट आधी विचारते, तुम्ही राहता कुठे? मी 'भारत' निवडलं. मैत्रिणीने 'जर्मनी' निवडलं. एवढ्यावरून आमचे पास वेगळे झाले. युरोपाबाहेर राहणाऱ्यांना युरेल, युरोपात राहणाऱ्यांना इंटररेल. गाड्या त्याच, ॲप तेच, आम्हा दोघींचे पासपोर्टही पुण्यातच निघालेले. पण तिच्या पासाला एक अट जास्तीची होती. तुम्ही ज्या देशात राहता, तिथे हा पास फक्त दोनदा चालेल. एकदा बाहेर पडायला आणि एकदा परत यायला.

फोनवर तिने मला ती अट वाचून दाखवली आणि हसली. "घे, रेल्वेनेच ठरवून टाकलं माझं घर कुठंय ते."

मीही हसले. पण तेव्हा माझ्या खोलीच्या कोपऱ्यात तिच्या आईने दिलेली पिशवी ठेवलेली होती.

पिशवीत भाजणी, गोडा मसाला आणि लसणाची चटणी होती. काकूंना साजूक तूपही द्यायचं होतं. बाहेरून युरोपात दुधातुपाचं काही नेता येत नाही हे मी त्यांना तीनदा सांगितलं. तुपाची बरणी परत फडताळात ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "मग एवढं एक काम कर. तिला विचार, परत यायचंय का. आम्ही विचारलं की चिडते. तुला सांगेल."

प्रश्न साधा नव्हता. त्यांची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली होती. नव्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट मिळणार होता. तिसरी हवी असेल तर जास्तीच्या जागेचे पैसे भरायचे आणि ते महिनाअखेर बिल्डरला कळवायचं. काकांच्या रिटायरमेंटच्या पैशातला बराच भाग त्यात गेला असता. तिसरी खोली म्हणजे तिची खोली. ती येणार असेल तर घ्यायची.

या सहलीचा बेत सात वर्षांपूर्वीचा. कॉलेजात असताना आम्ही सिंहगड एक्स्प्रेसने मुंबईला जायचो. परतीच्या गाडीला घाट चढवण्यासाठी कर्जतला मागून इंजिन लावतात. तेवढ्या वेळात ती खाली उतरून वडापाव आणायची आणि गाडी हलेपर्यंत दारात उभी राहायची. अशाच एका फेरीत तिने जाहीर केलं होतं की आपण युरोपातही असंच फिरू. मग ती मास्टर्सला जर्मनीत गेली, तिकडेच नोकरीला लागली. माझ्या घरी वडिलांचं आजारपण निघालं आणि मी पुण्यातच राहिले. गेल्या वर्षी तिचाच फोन आला. "सत्तावीसपर्यंत यूथ पास मिळतो, स्वस्त पडतो. पुढच्या वर्षी आपण रेल्वेच्या लेखी म्हाताऱ्या."

एका महिन्यात ४ प्रवास-दिवसांचा पास आम्ही घेतला. बँक स्टेटमेंट, ३० हजार युरोंचा विमा, हॉटेलांची बुकिंगं असं सगळं जोडून मी व्हिसा मिळवला आणि सप्टेंबरात कार्ल्सरुहेला तिच्या खोलीवर पोचले. पहिल्या रात्री तिने भाजणीची थालीपिठं लावली. धूर झाला म्हणून शेजारचा मुलगा बघायला आला आणि दोन खाऊन गेला. खोलीत पलंग होता, टेबल होतं, पण कपाट नव्हतं. तिचे कपडे दोन सुटकेसमध्येच होते, पुण्याहून नेलेल्या त्याच. त्यातल्या एकीवर विमानतळाची जुनी चिठ्ठी अजून चिकटलेली होती. तीन वर्षं झाली होती तिला तिथे. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या पासातली बाहेर पडायची फेरी वापरून आम्ही म्युनिकमार्गे व्हिएन्नाला गेलो. जर्मनीतल्या आणि ऑस्ट्रियातल्या बहुतेक गाड्यांत रिझर्वेशन न करताही बसता येतं. सीटच्या वरची पाटी बघायची आणि कुठून कुठपर्यंत कोणाची आहे ते समजून रिकाम्या जागी टेकायचं. तिला ते सवयीचं होतं. मी मात्र दर स्टेशनला कोणीतरी उठवेल म्हणून सॅक मांडीवर घेऊन बसत होते. साल्झबुर्ग मागे पडल्यावर काकूंचा पहिला मेसेज आला. "विचारलंस का?" मी लिहिलं, "आज दमलोय. उद्या."

उद्या आम्ही व्हिएन्ना पायी पालथं घातलं आणि परवा व्हेनिसची गाडी धरली. ती सेमरिंगच्या घाटातून जाते. कार्ल फॉन गेगा या इंजिनिअरने बांधलेला हा मार्ग १८५४ साली सुरू झाला आणि १९९८ साली युनेस्कोच्या यादीत गेला. गाडी दगडी कमानींच्या पुलांवरून हळूहळू वळणं घेत होती. खिडकीला नाक लावून ती म्हणाली, "खंडाळ्याची आठवण येते ना?" विचारायला याहून चांगली वेळ आली नसती. मी म्हटलं, "येते." आणि डब्यातून चटणी-पोळीचा रोल काढून तिला दिला.

व्हेनिसमध्ये गाडी पाण्यावरून शिरते. मेस्त्रेपासून बेटापर्यंतचा तो रेल्वेपूल १८४६ सालचा आहे. जवळजवळ चार किलोमीटर दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. तिथे दोन दिवस आम्ही इतक्या चाललो की रात्री विचारण्याइतकं त्राणच राहिलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला भीती वाटत होती. विचारलं की ही सहल सहल राहणार नव्हती. मी तिच्या आईची माणूस होऊन बसले असते.

मग मिलानच्या गाडीत व्हायचं ते झालं. मी खिडकीला टेकून पेंगत होते. टीसी आला म्हणून तिने स्वतःच्या फोनवरचा पास दाखवला आणि माझा फोन उचलून माझाही दाखवायला गेली. नेमका तेव्हाच मेसेज वर आला. "महिनाअखेर आली गं. विचारलंस का तिला खोलीचं?"

टीसीने कोड स्कॅन केला, 'ग्रात्सिए' म्हणाला आणि पुढे गेला. तिने फोन माझ्या मांडीवर ठेवला.

"कोणती खोली?"

मी सांगितलं. रीडेव्हलपमेंटचं तिला माहीत होतं, जास्तीच्या पैशांचं नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मिलान आलं. आम्ही हॉस्टेल शोधलं, पिझ्झा खाल्ला, बंक बेडवर ती वर आणि मी खाली झोपले. बोलणं जेवढ्यास तेवढं.

शेवटचा दिवस परतीचा. मिलानहून लोकल गाड्या बदलत आम्ही स्वित्झर्लंडमध्ये बेलिन्झोनाला आलो. इथून उत्तरेकडे जायला दोन रस्ते आहेत. २०१६ साली सुरू झालेला ५७ किलोमीटरचा बोगदा डोंगराच्या तळातून झटकन पलीकडे नेतो. जुना रस्ता घाटातून वर चढतो आणि १५ किलोमीटरच्या जुन्या बोगद्यातून जातो. आम्ही जुन्याने जायचं आधीच ठरवलं होतं. घाट बघायला म्हणून ठरवलेलं ते, आता नुसता वेळच लांबणार होता.

आयरोलोनंतर गाडी बोगद्यात शिरली. १८८२ सालचा हा बोगदा खणताना सुमारे दोनशे कामगार मेले, बरेचसे इटलीतून आलेले. काचेत आमचे चेहरे दिसायला लागले. ती माझ्या काचेतल्या चेहऱ्याकडे बघून बोलली.

"दर रविवारी आई सांगते, तुझी खोली पुसून घेतली, चादर बदलली. मग मला वाटतं मी अजून वाटेतच आहे. इथे साधं कपाट घेताना हात धजत नाही. दुकानात जाऊन दोनदा परत आले."

"मग परत यायचं नाहीये?"

"यायचंय. राहायला नाही. हे मला वर्षभरापासून माहितीये. सांगायचं कसं ते माहीत नाही."

बोगदा संपला. पलीकडे उतारावर वासेन नावाचं गाव आहे, टेकाडावर पांढरं चर्च असलेलं. उतार सोसेल असा करायला रुळांना डोंगराच्या पोटात गिरक्या घ्यायला लावल्या आहेत. त्यामुळे तेच चर्च गाडीतून तीनदा दिसतं. आम्ही वरून येत होतो, म्हणून आधी ते खाली दिसलं, मग बोगद्यातून वळून आल्यावर समोर, आणि शेवटी मान वर करून बघावं लागलं. पलीकडच्या सीटवरची मुलगी दर वेळी बोट करून आजोबांना दाखवत होती.

"तुला राग आलाय?" तिने विचारलं.

आला होता. काकूंच्या वतीने नाही, माझ्याच वतीने. तीन वर्षं मीही पुण्यात तिच्यासाठी गोष्टी राखून ठेवत होते. नवीन हॉटेल निघालं की ती आली की जाऊ. गडावर जायचं निघालं की ती आली की जाऊ. काकूंचा प्रश्न माझाही होता, फक्त मी तो त्यांच्या नावावर घेऊन फिरत होते. एवढं सगळं मला तेव्हा बोलता आलं नाही. मी म्हटलं, "थोडा."

"येऊ दे," ती म्हणाली. "आईला मात्र मीच सांगते. तू नको."

बासेलनंतर जर्मनीची हद्द लागली. पोलीस डब्यातून कागद तपासत आले. मी व्हिसाचं पान उघडून धरलं, ते त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. तिने प्लास्टिकचं कार्ड दाखवलं, त्यावर एक नजर टाकून ते पुढे गेले. ॲपमध्ये तिची परत यायची फेरी वापरली गेली होती.

त्या रात्री तिने आईला फोन केला. मी जिन्यात जाऊन बसले. पाऊण तासाने ती बाहेर आली, डोळे लाल होते. म्हणाली, "बाबा काहीच बोलले नाहीत. आईने विचारलं, तू जेवलीस का."

मी पुण्याला आले त्याला आता चार महिने झाले. परवा तिने कपाटाचा फोटो पाठवला. स्वतःच जोडलंय, एक दार तिरकं बसलंय. काका-काकू तात्पुरत्या भाड्याच्या जागेत आहेत. फ्लॅट दोनच बेडरूमचा घेतला. मध्यंतरी गेले तेव्हा काकूंनी मला नव्या घराचा नकाशा दाखवला. हॉलवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे सोफा-कम-बेड घेतेय. मोठाच बघितलाय. ती आली की तुम्ही दोघी मावाल ना यावर?"